कोटाला स्वतःची ऊब नसते

थंड प्रदेशातल्या कॉलेजात प्रवेश पक्का होतो, राहायची सोय लागते, आणि मग कोणीतरी सहज विचारतं, "थंडीचे कपडे घेतलेस का?" तिथून घोळ सुरू होतो. ज्याने जन्मात पंख्याशिवाय रात्र काढलेली नाही त्याच्या हाती एक जॅकेट येतं आणि कॉलरला लटकणाऱ्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं: 650 फिल, 10,000 मिमी, मरिनो अस्तर, उणे 20 अंशांपर्यंत. यापेक्षा औषधाच्या खोक्यातला चिटोरा सोपा वाटतो. ओळखीतला एक जण सांगतो, एक जाडजूड कोट घे, बाकी काही लागत नाही. दुसरा म्हणतो, थर्मलचे, म्हणजे आतून घालायच्या उबदार कपड्यांचे, सहा जोड तरी हवेतच. तिसऱ्याचं म्हणणं, इथून काहीच नेऊ नकोस.

तिघांचाही अनुभव खरा असतो, पण तो त्यांच्या वाट्याला आलेल्या हिवाळ्याचा आणि त्यांच्या दिनक्रमाचा असतो. म्हणून दुसऱ्याची यादी उतरवून घेण्यापेक्षा थंडी वाजते म्हणजे अंगाचं नेमकं काय होतं, एवढं एकदा समजून घ्यावं. दुकानातल्या निम्म्या वस्तू त्यानंतर आपोआप बाद होतात.

हीटर तुम्हीच आहात

खुंटीवर टांगलेल्या कोटाला हात लावून पाहा. तो खोलीइतकाच गार असतो. उष्णता तयार करतं ते शरीर. प्रौढ माणूस नुसता बसलेला असला तरी त्याचं शरीर साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकत असतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. झपाझप चालायला लागलं की ती दुपटीतिपटीवर जाते. कपड्यांनी एवढंच करायचं, की ही उष्णता सहजासहजी निसटू द्यायची नाही. थर्मास पाणी तापवत नाही, तापलेलं निवू देत नाही, तसं.

गंमत अशी की हे काम मुख्यतः कापड करतच नाही. ते करते कापडात अडकलेली हवा. हवेतून उष्णता फार सावकाश जाते, अट एकच, ती हवा जागच्या जागी थांबलेली हवी. लोकर, पिसं, फ्लीस (पॉलिएस्टरचं लवदार कापड) या सगळ्यांचं कौशल्य हवेचे बारीक बारीक कप्पे करून तिला हलू न देण्यात आहे. नव्याने पिंजलेल्या कापसाची उशी आणि वर्षानुवर्षं वापरून बसलेली उशी, दोन्हींत कापूस तेवढाच असतो. पण पहिली फुगलेली असते, कारण तिच्यात हवा असते. कपड्याच्या या फुगीरपणाला दुकानदार लॉफ्ट म्हणतात. म्हणूनच वजनदार, दाबून बसलेला कोट हलक्या आणि फुगीर जॅकेटपेक्षा कमी उबदार निघू शकतो.

हे पटायला लोकांना वेळ लागला. 1922 साली एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. बाकीचे गिर्यारोहक लोकरी ट्वीडमध्ये आणि हा फुग्याच्या कापडात बदकांची मऊ पिसं भरून शिवलेल्या कोटात. सोबत्यांनी आधी त्याची टर उडवली. थंडी वाढली तसा त्या कोटाचा हेवा वाटू लागला. आज रस्त्यावर दिसणारी गादीसारखी टाके घातलेली जॅकेटं त्याच कोटाची वारसदार आहेत.

कपड्यांच्या उबेला मापही आहे. 1941 साली ठरलेल्या या एककाचं नाव क्लो. 21 अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरं वाटेल इतके कपडे, साधारण एक सूट, म्हणजे 1 क्लो. हा शब्द या लेखात पुन्हा येणार नाही, पण त्यातली "स्वस्थ बसलेल्या" ही अट विसरू नका. तोच माणूस चालू लागला की त्याच थंडीत त्याला बरेच कमी कपडे पुरतात. बसथांब्यावर थांबला की पुन्हा जास्त लागतात. विद्यार्थ्याचा दिवस असाच जातो: दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं थांबणं, दोन तास गरम खोलीत बसणं, परत बाहेर. कडाक्याची थंडी सांभाळणं एक वेळ सोपं. ही दिवसभर बदलणारी गरज सांभाळणं अवघड, आणि कपडे निवडायचे ते तिच्यासाठी.

उष्णता पळवणारे

पहिला चोर वारा. अंगालगत तापलेल्या हवेचा पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो आणि शरीराला नवी हवा पुन्हा तापवत बसावं लागतं. हवामानाच्या ॲपवर तापमान उणे 10 आणि खाली "जाणवतं उणे 20" असं दिसतं ते याचमुळे. याला विंडचिल म्हणतात. या कल्पनेचा उगम अंटार्क्टिकातला. 1940 च्या सुमारास पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची छोटी नळी वाऱ्यात टांगली आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. 2001 साली अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र स्वीकारलं. ते माणसाच्या चेहऱ्यावरून किती उष्णता जाते यावर बेतलेलं आहे. त्या सूत्राने उणे 10 अंश आणि ताशी 30 किलोमीटर वारा म्हणजे जवळपास उणे 20 होतात.

इथे एक गल्लत हमखास होते. विंडचिल हा उघड्या कातडीचा हिशोब आहे. तापमान 2 अंश आणि विंडचिल उणे 4 असेल तर बाहेर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठणार नाही. आणि वारा आत शिरूच दिला नाही, तर कपड्यांखालच्या अंगाला तो आकडा फारसा लागू होत नाही. म्हणजे वारा अडवणारं एक पातळ आवरणसुद्धा कधी कधी आणखी एका स्वेटरपेक्षा जास्त काम करतं.

दुसरा चोर पाणी, आणि हा जास्त लबाड, कारण तो बाहेरून येतो तसाच आतूनही येतो. थांबलेल्या हवेच्या तुलनेत पाण्यातून उष्णता सुमारे 25 पट वेगाने वाहते. कपड्यातल्या हवेच्या कप्प्यांत पाणी भरलं की भिंतीला भगदाड पडलं समजा. पाऊस आणि वितळता बर्फ बाहेरून येतो, घाम आतून. थंडीत घाम कसला, असं वाटतं. पण जाड कोट घालून बस गाठायला धावलेल्या कोणालाही विचारा.

तिसरा चोर पायाखाली असतो. गोठलेली फरशी तळव्यातून उष्णता शोषत राहते. त्याच्याकडे बुटांच्या वेळी येतो.

आधी तिथला हिवाळा कोणता ते पाहा

"थंड" या एका शब्दात दोन वेगळे हिवाळे लपलेले असतात. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे 16 अंशांच्या आसपास असतं. आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये तेच 5 अंशांच्या घरात. आकडे पाहून वाटतं, डब्लिनला काय, स्वेटर पुरेल. पण 5 अंशांत आडवा पाऊस लागला आणि कपडे भिजले की दात वाजायला उशीर लागत नाही. विनिपेगचा बर्फ कोरडा, भुरभुरीत. तो झटकला की पडतो. तिथे फुगीर ऊब आणि वाऱ्यापासून आडोसा पाहिजे. डब्लिनसारख्या ठिकाणी पाणी अडवणारं कवच पाहिजे आणि आत मध्यम ऊब. विनिपेगचा पिसांचा कोट डब्लिनच्या पावसात चोथा होईल, आणि डब्लिनचं रेनजॅकेट विनिपेगला थट्टेचा विषय.

म्हणून खरेदीआधी एक काम करा. ज्या गावी जायचं त्याचं डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचं सरासरी किमान तापमान, पावसाचे दिवस आणि वारा पाहा. नुसतं सर्वात कमी तापमान पाहून घाबरू नका. ते वर्षातून दोन-चार रात्रींचं असतं आणि त्या रात्री तुम्ही पांघरुणात असाल.

एकाच जाड कोटाने भागत नाही का?

पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं. दुकानातला सर्वात जड कोट घेतला आणि आत रोजचा कॉटनचा शर्ट. चालताना घाम, बसमध्ये गुदमरायला व्हायचं, कोट काढला की नुसत्या शर्टात कुडकुडायचं. मला पर्याय दोनच होते, भट्टी नाहीतर बर्फ. मधलं काही नव्हतं.

मधलं काही असावं म्हणूनच थर. अंगाला लागून असतो तो पहिला, त्याचं काम घाम त्वचेपासून दूर नेणं. मधला ऊब धरतो. बाहेरचा वारा आणि पाणी अडवतो. तिघांचं काम वेगळं आहे हे डोक्यात असलं की खरेदी सोपी होते, कारण प्रत्येक कपड्याला "तू यातला कोण?" असं विचारता येतं. दोन स्वेटर एकावर एक घातले म्हणजे दोन थर झाले नाहीत. एकच थर जाड झाला.

थर घालायचे म्हणजे अंगाला करकचून आवळायचे नाहीत. पहिला थर अंगासरशी असावा, पण त्यावरचे सैलसर. घट्ट कपडे मधली हवा पिळून बाहेर काढतात आणि मग तीन कपडे घालूनही एकाचीच ऊब मिळते. म्हणून कोट एक माप मोठा चालतो, थर्मल नाही.

आता विद्यार्थ्याच्या बाबतीत जे सहसा कोणी सांगत नाही ते सांगतो. थंड प्रदेशातल्या इमारती आतून चांगल्या गरम असतात, बहुतेक 20 ते 22 अंश. वर्गात कोट काढता येतो, स्वेटर काढता येतो, पण थर्मल पँट काढता येत नाही. जाड थर्मल घालून दोन तासांच्या व्याख्यानाला बसणं ही शिक्षा आहे. म्हणून खालचा थर पातळ ठेवा आणि ऊब अशा कपड्यांत ठेवा जे चारचौघांत काढता येतात. मधला थर डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा पुढून चेन असलेला घेतला तर अर्धी चेन उघडून अंगातली वाफ सोडता येते. माझ्या मते चेन हा थंडीच्या कपड्यांतला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे. चालायला लागायच्या आधी ती थोडी उघडावी, घाम आल्यावर नव्हे. घरातून निघताना पहिली दोन मिनिटं जरा गार वाटलं पाहिजे. तेव्हा उबदार वाटलं तर पुढच्या चौकात घाम येणार.

कॉटनशी एवढं वैर का?

माठातलं पाणी गार का राहतं, ते आठवा. मातीतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जातं. घामाने भिजलेला कॉटनचा बनियन म्हणजे अंगावर चढवलेला माठ. उन्हाळ्यात हा गुण वरदान वाटतो. थंडीत तोच अंगावर उलटतो. कापूस पाणी भरपूर पितो, धरून ठेवतो आणि भिजल्यावर अंगाला चिकटून आपले हवेचे कप्पे गमावतो.

पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीतच नाही, त्यामुळे घाम धाग्यांवरून पसरतो आणि लवकर वाळतो. लोकर वेगळीच चाल खेळते. ती आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प धाग्याच्या आत सामावते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओल शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. लोकर टोचते म्हणून नको म्हणणाऱ्यांनी मरिनो, म्हणजे मरिनो मेंढीची बारीक लोकर, घालून पाहावी. टोचणं धाग्याच्या जाडीवर असतं: 30 मायक्रॉनच्या वरचे धागे कातडीला बोचतात, मरिनो बहुधा 20 च्या खाली असते. माणसाचा केस 70 च्या आसपास असतो, म्हणजे किती बारीक ते कळेल.

दोन्हींत निवड करायची तर? पॉलिएस्टर स्वस्त, टिकाऊ, पण एका दिवसात वास मारतो. मरिनो महाग, कसर लागते, पण तीन-चार दिवस घातली तरी शेजारचा माणूस उठून जात नाही. आठवड्यातून एकदाच कपडे धुण्याचा उत्साह असलेल्या विद्यार्थ्याने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. दोन मरिनो, दोन पॉलिएस्टर असं मिश्रण मला व्यवहार्य वाटतं. सहा जोड नकोत. आणि कॉटनचे टीशर्ट फेकूही नका: गरम खोलीत, झोपताना, रोज तेच लागतात. कॉटन टाळायचं ते घाम येण्याची शक्यता असेल तेव्हा. जीन्सचंही तसंच, कोरड्या थंडीत आत पातळ थर्मल घालून चालते, पावसात भिजली की दिवसभर वाळत नाही.

पुठ्ठ्यावरचे आकडे

फिल हा पिसांच्या दर्जाचा आकडा. एक औंस, म्हणजे 28 ग्रॅम, पिसं मोकळी सोडली तर किती घन इंच जागा व्यापतात, ते. 550 ठीक, 650 चांगलं, 800 म्हणजे फार हलकं आणि फार महाग. पण नुसत्या या आकड्यावर भुलू नका. पिसं किती ग्रॅम भरली आहेत ते त्यात येत नाही. 800 फिलचं पातळ जॅकेट 550 फिलच्या जाड जॅकेटपेक्षा थंड असू शकतं. पाठीवर ओझं घेऊन रोज बर्फाचा डोंगर चढायचा नसेल तर 100-200 ग्रॅम वजन वाचवण्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पिसांची दुखरी नस पाणी. भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. पॉलिएस्टरच्या धाग्यांचं कृत्रिम भरण तेवढ्याच उबेला थोडं जड आणि जास्त जागा खाणारं असतं, पण ओलं झालं तरी बऱ्यापैकी काम करतं आणि मशीनमध्ये धुता येतं. ओल्या हिवाळ्याला कृत्रिम, कोरड्या गोठवणाऱ्या हिवाळ्याला पिसं, इतका साधा नियम पुरतो.

10,000 मिमी म्हणजे कापडावर 10,000 मिलिमीटर, म्हणजे 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरच पाणी आत झिरपायला लागेल. रोजच्या पावसाला हे पुरेसं आहे. पण पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ द्यायची, हे एकाच कापडाने कसं साधावं? 1969 साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या कुळातला एक पदार्थ तापवून झटक्यात ताणला आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याच्या थेंबापेक्षा खूप लहान, वाफेच्या कणापेक्षा मोठी. आजची बहुतेक "वॉटरप्रूफ तरी श्वास घेणारी" जॅकेटं याच कल्पनेच्या आसपास फिरतात. बाहेरच्या कापडावर पाण्याचे मणी होऊन ओघळतात ते वेगळ्या लेपामुळे, आणि तो लेप वापराने झिजतो. जॅकेट वर्षभरात ओलं दिसायला लागलं म्हणून ते फाटलं असं नाही; लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुऊन लेप पुन्हा द्यायची वेळ आली आहे.

"उणे 20 अंशांपर्यंत" या आकड्याकडे मी फारसं पाहत नाही. आत काय घातलंय, चालताय की उभे आहात, वारा किती, यावर सगळं अवलंबून असतं आणि रोजच्या जॅकेटांवर हा आकडा बहुतेक कंपन्या आपापल्या अंदाजाने टाकतात. त्यापेक्षा साध्या गोष्टी पाहा. कोट कमरेखाली मांडीपर्यंत येतो का? हुड डोक्यावर राहतं की वाऱ्याने मागे पडतं? बाही मनगटाशी घट्ट बसते का? चेनच्या मागे कापडाची पट्टी आहे का? चेनमधूनच वारा सरळ छातीत घुसतो.

कोट नंतर, बूट आधी

पैसे मोजकेच असतील तर आधी बुटांवर खर्च करा. थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसं यांना वाचवायला हातापायांतला रक्तपुरवठा आखडून घेतं. त्यामुळे छाती उबदार असूनही पायाची बोटं बधिर होतात. आणि कोट चुकला तर तुम्ही कुडकुडाल. बूट चुकले तर घसरून पडाल.

जाड तळवा हवा, कारण तो तिसरा चोर तिथे आहे. तळव्याचं रबर मऊ आणि खोल खाचांचं हवं. उन्हाळी बुटांचं रबर थंडीत टणक होऊन बर्फावर साबणासारखं सरकतं. घोट्याच्या वर जाणारा, पाणी न शिरणारा बूट असावा. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि त्या खाऱ्या चिखलाने चामड्यावर पांढरे डाग पडतात, तेव्हा आवडते चामडी बूट त्या दिवसांत घरीच राहू द्या.

आता नेहमीचा डाव: एकावर एक दोन जाड मोजे. दोन मोज्यांनी बूट गच्च झाला तर आतली हवा गेली, रक्ताभिसरण आखडलं आणि पाय आधीपेक्षा गार. एक चांगला लोकरी मोजा आणि बोटं हलवता येतील इतकी मोकळी जागा, हे दोन मोज्यांपेक्षा उबदार असतं. म्हणून बूट विकत घेताना तोच लोकरी मोजा घालून दुकानात जा.

हातांचंही तत्त्व तेच. पाच बोटांच्या हातमोज्यात प्रत्येक बोट एकटं थंडीशी झुंजतं. चारही बोटं एकत्र बसतात अशा पिशवीसारख्या मोज्यात ती एकमेकांना ऊब देतात. फोन वापरण्यासाठी आत पातळ मोजे आणि वर पिशवीमोजे, ही जोडी छान जमते. हातमोजे टाळून हात खिशात घालून चालू नका. बर्फावर तोल गेला तर सावरायला हात बाहेर असले पाहिजेत.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते, खरं का?

नाही. हा समज अमेरिकी लष्कराच्या 1970 च्या एका पुस्तिकेतून फार पसरला. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे 10 टक्के असतं आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. बाकी अंग झाकलेलं आणि डोकं उघडं असेल तर अर्थातच डोक्यातूनच जाईल, पण ते पाय उघडे टाकल्यावरही होईल. तरी टोपी घ्या. कान लहान, पातळ आणि वाऱ्यात पुढे आलेले असतात, चेहऱ्याला थंडी फार जाणवते, आणि कानटोपी खिशात मावते. मफलर गळ्याभोवती कॉलरची फट बंद करतो. बाकी सगळ्या कपड्यांपेक्षा हे दोन सर्वात कमी खर्चात सर्वात जास्त फरक पाडतात.

तिथली मुलं नुसत्या हुडीवर कशी फिरतात?

ती वेडी नाहीत, पण तुम्ही त्यांची नक्कलही करू नका. शरीर थंडीला सरावतं. 2013 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही जणांना सलग 10 दिवस रोज 6 तास 15-16 अंशांत बसवलं. शेवटी त्यांची हुडहुडी कमी झाली आणि उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीचं काम वाढलं. म्हणजे पहिल्या महिन्यात असह्य वाटणारी थंडी फेब्रुवारीत बरीच सुसह्य वाटते. आणखी एक: हुडीवाला मुलगा समोरच्या इमारतीत चाललेला असतो. त्याला अंतरं माहीत असतात, तुम्ही अजून रस्ता चुकता. पहिल्या वर्षी चुकण्याचा वेळ धरून कपडे घाला.

सरावाने सगळंच जमतं असं मात्र नाही. नाक, कान किंवा बोटं दुखायची थांबून बधिर झाली आणि कातडी पांढुरकी, मेणासारखी दिसू लागली तर ती गोठायला लागली आहे. ती चोळू नका, त्यावर बर्फ घासू नका. आत जा, कोमट पाण्यात बुडवा किंवा काखेत धरा, आणि संवेदना परतली नाही तर डॉक्टर गाठा. विंडचिल उणे 28 च्या खाली गेलं की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. सोबतचा माणूस जोरात थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, चेन लावता येत नसेल तर त्याचं शरीर आतून थंड पडतंय. पार्टीनंतर "आत ऊब आली आहे" म्हणत कोट न घालता निघणारे असतातच. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं, आणि नेमकी त्यामुळेच उष्णता वेगाने बाहेर जाते.

खोलीतल्या हिवाळ्याचं काय?

याची तयारी फार कमी जण करतात. उणे 10 अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात पाणी अत्यल्प असतं. तीच हवा आत घेऊन 21 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 11 टक्क्यांच्या आसपास येते. परिणाम: ओठ फुटतात, नाकात खपल्या धरतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. ओठांना लावायचं मलम आणि जाड क्रीम हे कपड्यांच्याच यादीत धरा. फायदा एकच, धुतलेले मोजे रात्रीत वाळतात.

आधीच घेऊन जावं का?

बहुतेक वस्तू नाही. उष्ण प्रदेशातल्या दुकानात थंडीचे कपडे असतात ते सहलीला जाणाऱ्यांसाठी, चार महिने रोज घालणाऱ्यांसाठी नव्हे. सोबत न्यायचं ते पहिल्या दोन आठवड्यांपुरतं: थर्मलचे दोन जोड, एक चेनवाला फ्लीस, लोकरी मोजे, कानटोपी आणि साधं वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सत्र शरद ऋतूत सुरू होत असेल तर एवढ्यावर सहज निभतं. सत्र थेट जानेवारीत असेल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकतानाच पुरेसा कोट आणि बूट अंगावर हवेत, मग ते उसने का असेनात.

मोठा कोट आणि बूट तिथे पोचल्यावर घ्या, बाकीचे थर अंगावर घालून. तिथले वरच्या वर्गातले विद्यार्थी शिकून परत जाताना आपले कोट विकतात किंवा देऊन टाकतात. एका हिवाळ्याचा वापर झालेला चांगला कोट नव्या हलक्या प्रतीच्या कोटापेक्षा कितीतरी बरा. जुना घेताना काखेतली शिवण, बाह्यांची टोकं आणि चेन तपासा. पिसं असतील तर मुठीत दाबून सोडा: लगेच फुगून वर आली तर जीव आहे, गुठळी राहिली तर नको.

दुकानात कोट घालून दोन्ही हात डोक्यावर न्या. कंबर उघडी पडते का बघा. खाली बसून नाडी बांधल्याचा आव आणा. पाठीवर सॅक अडकवा. आणि शेवटी हातमोजे घालून चेन वरपर्यंत लावून पाहा. नाही लागली, तर तो कोट परत खुंटीला अडकवा.